नीसमध्ये मुक्काम टाका आणि लोकल पकडा: फ्रेंच रिव्हिएरा पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथूनच तिकिटं बघायला जातील. फ्रेंच रिव्हिएरा, म्हणजे फ्रान्सचा दक्षिणेकडचा समुद्रकिनारा, बघायचा असेल तर गाडी भाड्याने घेऊ नका, रोज हॉटेल बदलू नका, नीसमध्ये एकाच ठिकाणी सहा-सात रात्री बॅगा टाका आणि किनाऱ्याला चिकटून जी लोकल ट्रेन धावते तिने रोज सकाळी निघा नि संध्याकाळी परत या. एका टोकाला कान, दुसऱ्या टोकाला इटलीच्या हद्दीवरचं माँतों, आणि मधलं रेल्वेचं अंतर साधारण चर्चगेट ते विरार एवढंच. डोंबिवलीत वाढलेल्या बाईला यात शिकवण्यासारखं काही नाही, फक्त खिडकीतून समुद्र दिसतो आणि बसायला जागा मिळते, ऑगस्ट सोडून, ऑगस्टमध्ये तिथेही चौथी सीट.

आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, म्हणजे खाली जिथे जिथे आई म्हटलंय तिथे त्याच समजा. आईंचे गुडघे, मुलाची भूक आणि नवऱ्याचं बजेट असे तीन शत्रू सांभाळून जे जमलं तेच इथे लिहितेय.

आधी विझा आणि तारखा

शेंगेन विझा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो लवकरच करा, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या महाराष्ट्राला एकदमच युरोप आठवतो आणि अपॉइंटमेंट मिळत नाही. मोठ्यांची फी ९० युरो, अर्ज केंद्राचे चार्जेस वेगळे, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये कमीत कमी ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर पाहिजेच. इटली जोडून करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. मोनॅको वेगळा देश आहे खरा, पण त्याला वेगळा विझा लागत नाही, हद्दीवर कोणी विचारतही नाही, रस्ता ओलांडला की आलं मोनॅको.

तारखा निवडताना एक गंमत माहिती असू द्या. हा किनारा मुळात उन्हाळ्याचा नव्हताच. इंग्लंड-रशियातले श्रीमंत लोक थंडी चुकवायला हिवाळ्यात यायचे नि उन्हाळ्यात सगळं बंद, उन्हाळ्यात इथे यायची फॅशन १९२० नंतरची. नीसला २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली तीसुद्धा हिवाळी मुक्कामाचं शहर म्हणूनच. त्यामुळे फेब्रुवारीत गेलात तरी काही बिघडत नाही, ऊन असतं, नीसचा कार्निव्हल आणि माँतोंचा लिंबू महोत्सव दोन्ही तेव्हाच असतात, फक्त पाण्यात उतरता येत नाही. पोहायचं असेल तर जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाव दोन्ही डोक्यावरून जातात, आणि मे महिन्यात कानचा फिल्म फेस्टिव्हल नि जूनच्या सुरुवातीला मोनॅकोची फॉर्म्युला वन रेस (२०२५ पर्यंत ती मे अखेरीस असायची), तेवढे दिवस बघून टाळा नाहीतर हॉटेलच्या पैशात घरातली फरशी बदलून होईल. जूनचा एक मोठा फायदा म्हणजे सव्वानऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे दुपारी झोप काढूनसुद्धा फिरून होतं.

भारतातून नीसला थेट विमान नाही, दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा पॅरिस-फ्रँकफर्टला बदलून जायचं. उतरताना उजव्या-डाव्या खिडकीवरून मुलांशी भांडू नका, रनवेच समुद्राला लागून आहे, कुठूनही काहीतरी दिसतंच.

मुक्काम कुठे

नीसमध्ये तीन भाग सोयीचे. एक स्टेशन ते जाँ मेदसाँ रस्ता, इथे सगळं जवळ पण बघायला खास काही नाही. दुसरा जुनं नीस, जो फोटोत दिसतो तो. तिसरा बंदराचा भाग, शांत, आणि ट्राम थेट तिथपर्यंत जाते. आम्ही फोटोला भुललो नि जुन्या नीसमध्ये फ्लॅट घेतला. चौथा मजला, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की बॅग पुढे धरायची की मागे तेच कळेना, आणि जाहिरातीत लिफ्टबद्दल चकार शब्द नव्हता, आम्हीही विचारलं नव्हतं. आई दुसऱ्या मजल्यावर बसल्या आणि म्हणाल्या "मी इथेच राहते, तुम्ही मोनॅको बघून या." तेव्हा बुक करण्याआधी लिफ्ट आहे का हे स्पष्ट विचारून घ्या, फ्रेंचमध्ये त्याला असान्सर म्हणतात, तो शब्द वर्णनात नसेल तर लिफ्ट नाही असंच समजा. आणि जुन्या गावात रात्री बारापर्यंत खाली लोक जेवत-गप्पा मारत असतात, झोप सावध असेल तर रस्त्याकडची खोली नको.

पण फ्लॅटच घ्या, स्वयंपाकघर असलेला. शाकाहारी असाल तर नक्कीच. बरोबर भाजणी, मेतकूट, पोहे, चहाची पावडर न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपात नेऊ देत नाहीत, म्हणजे पेढे-बर्फी घरी खाऊन निघा.

ट्रेनचं गणित

नीसचं मोठं स्टेशन म्हणजे नीस-व्हील. तिथून पूर्वेकडे विलफ्रांश, बोलियो, एझ, मोनॅको, माँतों आणि मग इटलीतलं व्हेंतिमिल्या. पश्चिमेकडे आँतीब, कान, पुढे ग्रास. मोनॅकोला वीस-पंचवीस मिनिटं, माँतोंला पाऊणतासाच्या आत, आँतीबला वीसेक मिनिटं नि कानला अर्धा-पाऊण तास. हा सगळा प्रवास साध्या लोकलचा, सीट रिझर्व्ह नाही, आधीपासून बुक करायची गरज नाही, स्टेशनवरच्या मशीनवर तिकीट काढा नि चढा. मोनॅकोचं एकेरी तिकीट पाच-सहा युरोच्या आसपास.

नवीन माणूस इथे एका गोष्टीला फसतो. पूर्वेकडच्या गाडीच्या बोर्डावर शेवटचं स्टेशन फ्रेंच स्पेलिंगमध्ये लिहिलेलं असतं, व्हँतिमी. ते व्हेंतिमिल्याच. मोनॅको-माँतोंला जायचं तर तीच गाडी. आम्ही पहिल्या दिवशी मोनॅको लिहिलेली गाडी शोधत दोन गाड्या सोडल्या, मग एका आजोबांनी न विचारता हाताने खूण करून आत ढकललं.

पूर्वेकडे जाताना उजव्या हाताला बसा, समुद्र तिकडे. बोगद्यातून बाहेर आलं की एकदम निळं, परत बोगदा, परत निळं, असं चालूच, आपल्या कोकण रेल्वेसारखं, फक्त इथे डब्यातून उतरलं की पाच मिनिटांत पाय पाण्यात. पाकीट पुढच्या खिशात, सॅक पोटावर, दादर स्टेशनच्या सवयी इथे सोडू नका. आणि संप, ज्याला ते ग्रेव्ह म्हणतात, तो कधीही होऊ शकतो, आदल्या दिवशी बातम्या बघा. गाड्या नसतील तर किनाऱ्याने बस जाते, नीसच्या बंदराजवळून मोनॅको-माँतोंकडे, वेळ जास्त पण रस्ता सुंदर, खरंतर संप नसतानाही एकदा बसने जाच.

पहिला दिवस: नीस, चालत

प्रवासाचा शीण असतो म्हणून पहिल्या दिवशी गाव सोडू नका. सकाळी कूर सालेयाच्या बाजारात जा, फुलं, चेरी, ऑलिव्ह, साबण. सोमवारी मात्र इथे भाजी-फुलं नसतात, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, पितळी चमचे, जुनी पोस्टकार्डं, कोणाकोणाच्या आज्यांचे टेबलक्लॉथ.

इथेच सोक्का खायचा. आता हा सोक्का म्हणजे काय, तर चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, पातळ भिजवून तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत सरकवायचं. परात केवढी, तर आपल्याकडे लग्नात कणीक तिंबतात तेवढी. वरून करपल्यासारखे डाग पडतात, आतून मऊ, मग बाई ते उलथन्याने वेडंवाकडं खरवडून कागदात घालतात, वर भरपूर मिरपूड. आईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला आणि म्हणाल्या "अगं हा बेसनाचा पोळाच आहे की, ओवा-मिरची विसरलेत." पुढचे सहा दिवस त्यांनी रोज खाल्ला, तेव्हा ओव्यावाचून अडलं नाही. गरम असतानाच खा, थंड झाला की चामडं होतो.

बाकी शाकाहारी लोकांनी जरा सांभाळून. पिसालादिएर हा कांद्याचा पाव दिसायला निष्पाप पण त्यावर अँचोव्ही मासळी असते, पां बान्या म्हणजे गोल पावाचं सँडविच, त्यात ट्यूना. बारबाजुआँ म्हणून तळलेल्या करंज्या मिळतात, आत पालेभाजी नि चीज, पण तरी विचारून घ्या. वाक्य पाठ करा: सां व्याँद, सां प्वासों. मांस नको, मासे नको. आणि त्याच्याही आधी बाँजूर. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, वेटरला हाक मारण्याआधी, पहिला शब्द बाँजूर. तो न म्हणता थेट इंग्रजीत किंमत विचारली की तीच बाई एकदम तुसडी होते, आणि बाँजूर म्हटलं की तीच मोडक्या इंग्रजीत सगळं समजावते. हे मी दोन्ही प्रकारे करून बघितलंय. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिता येतं, हॉटेलात "कराफ दो" म्हणा, फुकट आणून देतात. जेवायच्या वेळा पक्क्या, दुपारी १२ ते २ आणि मग थेट सातनंतर, चार वाजता भूक लागली तर बेकरी हाच आधार.

मग जुन्या नीसच्या गल्ल्या. घरांचे रंग पिवळे-तांबडे, खिडक्या हिरव्या, सगळं इटालियन वाटतं, आणि वाटणारच, कारण मधली १७९२ ते १८१४ ही वर्षं सोडली तर १८६० पर्यंत हे गाव फ्रान्सचं नव्हतंच, सार्डिनियाच्या राज्यात होतं. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात गॅरिबाल्डी वाचलाय ना, इटली एक करणारा, तो १८०७ मध्ये इथे जन्मला, त्याच्या नावाचा चौकही आहे. गल्ल्यांच्या पाट्या काही ठिकाणी दोन भाषांत दिसतील, एक फ्रेंच आणि एक इथली निसार्त.

ऊन उतरलं की किल्ल्याच्या टेकडीवर. किल्ला शोधू नका, तो १७०६ मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने पाडून टाकला, नाव तेवढं राहिलं. वर जायला समुद्राच्या बाजूने लिफ्ट आहे, फुकट, गुडघेवाल्यांनी तीच धरा. वरून दिसणारी खाडीची लांब कमान म्हणजे नीसच्या प्रत्येक पोस्टकार्डावरचा फोटो. दुपारी बरोबर १२ ला टेकडीवरून तोफेचा बार होतो, घाबरू नका. गोष्ट अशी सांगतात की एका स्कॉटिश साहेबाची बायको गप्पा मारत जेवायला उशीर करायची, म्हणून त्याने रोज दुपारी तोफ उडवायची सोय केली. नवऱ्याला ही गोष्ट फार आवडली. मला नाही.

संध्याकाळी प्रोमनाद देझांग्ले, समुद्राकाठचा सात किलोमीटरचा रस्ता. नावाचा अर्थ इंग्रजांचा फिरायचा रस्ता, १८२० च्या दशकात तिथल्या इंग्रज मंडळींनी पुढाकार घेऊन बांधायला लावला. निळ्या खुर्च्या ठेवलेल्या असतात, पैसे नाहीत, बसा. १४ जुलै २०१६ ला याच रस्त्यावर गर्दीत ट्रक घुसवून ८६ माणसं मारली होती, त्यामुळे कडेला जे जाडजूड खांब नि तारा दिसतात ते शोभेचे नाहीत.

समुद्रात उतरण्याआधी

नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही. गोटे आहेत, मुठीएवढे, गुळगुळीत, राखाडी, उन्हात तापलेले. आपण गणपतीपुळ्याला जसे अनवाणी पळत सुटतो तसं मुलगा पळाला आणि चौथ्या पावलाला खाली बसला. पाण्यातले रबरी बूट कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. दुसरं म्हणजे पाणी दोन पावलांत खोल होतं, आपल्याकडच्यासारखं अर्धा किलोमीटर गुडघाभर पाण्यात चालणं नाही, मुलांना एकटं सोडू नका.

भरती-ओहोटी मात्र जवळजवळ नाहीच. भूमध्य समुद्र जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडाने महासागराला जोडलेला, त्यामुळे पाणी काही इंच वर-खाली होतं तेवढंच, सकाळी जिथे चप्पल ठेवली तिथेच संध्याकाळी सापडते. आणि तो निळा रंग फोटोशॉपचा नाही. या पाण्यात माशांचं खाद्य कमी, बारीक शेवाळं कमी, तळाला चिखल नाही म्हणून ते आरपार दिसतं. आपला समुद्र गढूळ आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आई तिथेच म्हणाल्या, "म्हणूनच आपल्याकडे बांगडा मिळतो." बोलणं खरंय. कधीकधी जेलीफिश येतात, पाण्यात उतरण्याआधी बाकीचे लोक पोहतायत का एवढं बघा.

वाळूच पाहिजे तर विलफ्रांश किंवा आँतीब. त्याकडे येतेच.

विलफ्रांश आणि काप फेरा

मला एकच दिवस दिला तर मी हा घेईन. नीसहून ट्रेनने सात-आठ मिनिटांवर विलफ्रांश, स्टेशन समुद्राच्या डोक्यावर आणि जिना उतरला की बीच, जाडसर वाळूचा, लाटा नाहीत कारण खाडी तिन्ही बाजूंनी वेढलेली. नऊ वाजता पोचा. साडेदहानंतर खाडीत नांगरलेल्या क्रूझ जहाजावरून छोट्या बोटी भरभरून माणसं येतात.

गावात रु ऑब्स्क्यूर नावाची गल्ली आहे, तेराव्या शतकातली, घरांच्या खालून जाणारी, वर छप्पर, दिवसाढवळ्या अंधार, बाहेर तीस डिग्री नि आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. बंदरावर मच्छीमारांचं एक छोटं चॅपेल, त्याच्या भिंती जाँ कोक्तो या कलाकाराने १९५७ मध्ये रंगवल्या, आत दहा मिनिटं पुरतात, पण त्यात मासे पकडणाऱ्या बायका काढल्यात त्या बघाच, बिनधास्त उभ्या आहेत, एकदम कोळणी.

तिथून समोरचा भूभाग म्हणजे काप फेरा. १५ नंबरची बस जाते, किंवा तासभर चालत. वर व्हिला एफ्रुसी, गुलाबी बंगला, बेआत्रिस एफ्रुसी या रॉथशिल्ड घराण्यातल्या बाईंनी १९१२ पर्यंत बांधून घेतला, नऊ वेगवेगळ्या बागा, दोन्ही बाजूंना समुद्र, आणि ठरावीक वेळाने कारंजी संगीतावर नाचतात. तिकीट स्वस्त नाही पण बागेत सावली आहे, बाकं आहेत, स्वच्छ टॉयलेट आहे, आई तिथे अडीच तास रमल्या म्हणजे वसूल. चालणाऱ्यांनी बंगला सोडून किनाऱ्याची पायवाट धरावी, भूभागाला वळसा घालत पाचेक किलोमीटर, फुकट, आणि जगातल्या महागड्या घरांच्या कुंपणाबाहेरून. पाणी बरोबर घ्या, वाटेत काही मिळत नाही.

एझ आणि मोनॅको

दोन्ही एका दिवसात होतात, पण सकाळी एझ. हे डोंगराच्या सुळक्यावरचं दगडी गाव, समुद्रापासून चारशे मीटरहून जास्त उंच. आता चूक कुठे होते ते ऐका. एझ नावाचं रेल्वे स्टेशन खाली समुद्राकाठी आहे, गाव वर. लोक ट्रेनने उतरतात आणि मग वर बघतात. तिथून नीत्शेची पायवाट म्हणतात ती वर जाते, तो तत्त्वज्ञ इथे फिरत विचार करायचा, सव्वा तास खडी चढण, राजगड चढणाऱ्याला काही नाही पण उन्हात आणि स्लिपरवर नको. शहाण्यांनी नीसहून ८२ नंबरची बस घ्यावी, ती थेट गावाच्या पायथ्याशी सोडते, आणि जमलं तर पायवाटेने उतरावं. दहाच्या आत पोचा. वर किल्ल्याच्या अवशेषांवर निवडुंगांची बाग आहे, त्याचं तिकीट काढा, गावातला सगळा नजारा तिथेच ठेवलाय. बाकी गल्ल्यांत पर्सची नि चित्रांची दुकानं, फार काही नाही.

एझहून मोनॅकोला बस जाते, पण फेऱ्या कमी, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

मोनॅको म्हणजे दोनच चौरस किलोमीटरचा देश. ट्रेनने आलात तर स्टेशन डोंगराच्या पोटात आहे आणि बाहेर पडायला चार-पाच वाटा, चुकीची धरली तर भलत्याच मजल्यावर निघता. आम्ही राजवाड्याला जायचं म्हणून निघालो नि कसिनोच्या डोक्यावर बाहेर आलो. पाट्या नीट वाचा आणि रस्त्यातल्या सार्वजनिक लिफ्ट वापरा, पूर्ण देशच जिन्यांवर आहे म्हणून त्यांनी लिफ्ट लावल्यात, फुकट. राजवाड्यासमोर ११.५५ ला पहारा बदलतो, उन्हाळ्यात पांढरे गणवेश, पाच मिनिटांचा खेळ, त्यासाठी धावपळ करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा समुद्रविज्ञान संग्रहालय, १९१० चं, कड्याच्या टोकावर उभं, खालच्या मजल्यावर मत्स्यालय, मुलं असतील तर दोन तास तिथेच. तिकीट वीसेक युरो. कसिनोच्या बाहेर गाड्या बघायची गर्दी असते, आमच्या घरातल्या दोन पुरुषांनी तिथे पाऊण तास उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्यांचे फोटो काढले, आईंनी बाकावर डबा उघडून थालीपीठ खाल्लं. रेसचा रस्ता म्हणजे रोजचाच रस्ता, त्या प्रसिद्ध वळणावरून तुम्ही चालत जाऊ शकता. रात्रीचं जेवण मात्र नीसला येऊनच.

माँतों

माँतोंला घाईने जाऊ नका. मागे उंच डोंगर, उत्तरेचा गार वारा अडतो, त्यामुळे फ्रान्समध्ये असूनही लिंबं होतात. लिंबू म्हणजे आपलं कागदी नाही, ईडलिंबाएवढं, पिवळंधमक, साल जाड, वास गोडसर, आंबटपणा कमी. बाजाराच्या हॉलमध्ये एकदोन विकत घ्या, पानासकट मिळतात, नखाने साल खरवडून वास घेतला तरी पुरे. फेब्रुवारीतल्या महोत्सवात लिंबू-संत्र्यांचे मोठमोठे रथ करतात, आणि त्यातली बरीचशी फळं स्पेनहून येतात, आता यावर हसण्याचा आपल्याला अधिकार नाही, देवगडच्या पेटीत कुठला हापूस असतो ते आपल्याला माहिती आहे.

बाजारातून जुन्या गावात चढत जा. रुंद पायऱ्या, वर सँ मिशेलचं चर्च, त्याच्या अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची रांगोळी घातल्यासारखी नक्षी. अजून वर स्मशानभूमी. नाक मुरडू नका, पूर्ण किनाऱ्यावरचा सगळ्यात सुंदर देखावा तिथून आहे, एका बाजूला इटली, दुसऱ्या बाजूला मोनॅकोकडचे डोंगर. रग्बीचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो विल्यम वेब एलिस तिथेच पुरलाय. आई अर्ध्यावर चर्चच्या पायरीवर थांबल्या, तिथूनही छान दिसतं.

पुढे व्हेंतिमिल्या, इटली. शुक्रवारी तिथे मोठा बाजार भरतो. गेलात तर मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, परतीच्या ट्रेनमध्ये हद्दीवरच्या स्टेशनात फ्रेंच पोलीस तपासतात, फोनमधला फोटो चालत नाही. नकली ब्रँडच्या पर्स घेऊ नका, घेणाऱ्यालाही दंड होतो.

पश्चिमेकडे: आँतीब, कान, ग्रास

आँतीबला सकाळचा बाजार, तटबंदीवरून चालणं, गावातल्या छोट्या वाळूच्या बीचवर मुलांना सोडणं, एवढ्यात दिवस जातो. पिकासोने १९४६ मध्ये तिथल्या ग्रिमाल्दी वाड्यात काम केलं, आता त्याचं म्युझियम आहे. सोमवारी बंद. आम्ही सोमवारीच गेलो, दाराला हात लावून आलो. नीसची बरीचशी म्युझियम मंगळवारी बंद असतात, मातीस आणि शागाल या चित्रकारांची दोन्ही, तेव्हा आठवड्याचे वार कागदावर लिहून मग बेत आखा.

कान अर्ध्या दिवसाचं गाव आहे, खरं सांगायचं तर. फेस्टिव्हलच्या पायऱ्यांवर फोटो काढायचा नि निघायचं. १९४६ च्या पहिल्याच फेस्टिव्हलमध्ये चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं होतं, हे मात्र त्या पायऱ्यांवर उभं राहून मुलाला सांगितलं. फोटो झाला की बंदरावरून बोटीने पंधरा मिनिटांवर सँत मार्गरित बेट, पाइनची झाडं, सावली, आणि लोखंडी मुखवट्याचा कैदी, ज्याचं खरं नाव आजवर कळलं नाही, तो ज्या किल्ल्यात ठेवला होता तिथली कोठडी. परतीची शेवटची बोट कितीची ते जातानाच विचारा.

ग्रास अत्तराचं गाव, कानहून ट्रेन जाते. कातड्याचे हातमोजे बनवायचे, कातड्याला वास यायचा म्हणून ते सुगंधी करायला लागले, आणि त्यातून अत्तराचा धंदा उभा राहिला. तिथला प्रसिद्ध जॅस्मिन म्हणजे आपली चमेली, ऑगस्टपासून पहाटे खुडतात. कारखान्यांची फेरी फुकट असते, शेवटी दुकानातून बाहेर काढतात, तेवढं मन घट्ट.

मराठी माणूस विचारतोच म्हणून

मार्सेलिस करायचं का? सावरकरांनी ८ जुलै १९१० ला मोरिया बोटीतून उडी मारली ते बंदर. नीसहून मोठ्या गाडीने अडीच-पावणेतीन तास, म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण दिवस, पण वाटेत एस्तरेल डोंगराचे लालभडक खडक समुद्रात उतरलेले दिसतात, तेवढ्यासाठीही जावं. जाताना डाव्या हाताला बसा. जुन्या बंदराच्या पाण्याकडे बघत नवरा बराच वेळ गप्प उभा होता, मग म्हणाला "केवढं थंड असेल", एवढंच. या गाडीचं तिकीट मात्र आधी काढा, लोकलसारखं नाही.

परतीला

शेवटच्या दिवशी किनाऱ्यावरचे गोटे आठवण म्हणून बॅगेत भरू नका, समुद्रकिनाऱ्यावरून ते न्यायला कायद्याने बंदी आहे. साबण घ्या, सुकवलेलं लव्हेंडर घ्या, चण्याचं पीठ घेऊ नका.

विमानतळाला टॅक्सीची गरज नाही, २ नंबरची ट्राम थेट दोन्ही टर्मिनलला जाते, गावाच्या मध्यभागी ती जमिनीखालून धावते म्हणून स्टॉप शोधताना जिना किंवा लिफ्ट बघा. पण याच ट्रामला शेवटी दोन फाटे आहेत, एक विमानतळाचा आणि एक कादामचा. आम्ही गडबडीत कादामच्या ट्राममध्ये चढलो, पाच बॅगा, आई, आणि ट्राम विमानतळाला बगल देऊन सरळ पुढे निघाली. असं झालं तर घाबरू नका, पुढच्या स्टॉपला उतरून उलट्या दिशेने ग्राँ आरेनासपर्यंत मागे या, तिथे विमानतळाची ट्राम मिळते, वीस मिनिटं जातात. आईंनी त्या वीस मिनिटांत ट्राम स्टॉपच्या बाकावर बसून उरलेलं मेतकूट पावाला लावून संपवलं.